खण मोजा, मग खण कापा

इंदूरच्या लोकमान्य नगरातील दोन खोल्यांच्या घरात नुकत्याच राहावयास आलेल्या एका भगिनीने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. कपाटाचे खण, औषधे, बिले, चार्जर आणि साड्या यांचा पसारा आवरण्यासाठी फारसा खर्च न करता घरीच काय करता येईल, हा पहिला. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीस जणींना देता येईल असे वाण आपल्या हातांनी होईल का, हा दुसरा. घरात शिलाई यंत्र नाही आणि प्लॅस्टिकच्या डब्या पुन्हा वाटायच्या नाहीत, असेही त्यांनी कळविले आहे. मी रामबागेत चोवीस वर्षे हस्तकलेचे वर्ग घेते आणि त्याआधीची माझी सारी सुट्टी खजुरी बाजाराजवळ वडिलांच्या बायंडिंगच्या दुकानात पुठ्ठे कापण्यात गेली. त्यामुळे या उत्तरात भर पुठ्ठा आणि कापड यांवरच राहील. माती, रेझिन, मणी यांविषयी सांगणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत.

मराठीत कपाटाच्या कप्प्यालाही खण म्हणतात आणि ओटीत घातलेल्या चोळीच्या कापडालाही. तुमचा पहिला प्रश्न पहिल्या खणाचा आहे आणि दुसरा दुसऱ्याचा. दोन्ही ठिकाणी माझे सांगणे एकच आहे: आधी मोजमाप, नंतर साहित्य आणि सजावट सर्वांत शेवटी, तीही जमली तर. माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेक जणी नेमका उलटा प्रवास करतात. मोबाइलवर एखादी सुंदर पेटी पाहतात, तशीच हुबेहूब करतात आणि मग ती ठेवायला घरात जागा शोधत फिरतात. पसारा आवरण्यासाठी केलेली वस्तूच पसाऱ्यात जमा होते.

म्हणून पहिल्या दिवशी कात्रीला हात लावू नये. ड्रॉवर पूर्ण रिकामा करावा आणि त्याचे माप आतून घ्यावे, तेही पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी, कारण सुताराने जागेवर ठोकलेले खण क्वचितच काटकोनात असतात. तिन्हींपैकी सर्वांत लहान माप धरावे आणि त्यातून तीन मिलिमीटर सूट सोडावी. उंचीसुद्धा ड्रॉवर बंद केल्यावर वरच्या फळीपर्यंत किती उरते ती मोजावी. उघड्या ड्रॉवरची उंची फसवते. हे मी पुस्तकी सांगत नाही. धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरासाठी मी एकदा मोठ्या हौसेने महेश्वरी काठ लावलेला चमच्यांचा ट्रे केला आणि माप घेतले ते ड्रॉवरच्या दर्शनी फळीचे. ट्रे दीड सेंटिमीटरने रुंद निघाला. आजही तिच्याकडे त्यात लोकरीचे गुंडे असतात आणि चमचे पूर्वीसारखेच खुळखुळत असतात.

माप झाले की साहित्याकडे वळावे, आणि ते विकत आणण्याची गरज नाही. आपण इंदूरकर ज्याला सर्रास गत्ता म्हणतो तो नालीदार पुठ्ठा प्रत्येक घरी येतो. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आहे आणि सकाळच्या गाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा टाकण्याची सवय सर्वांना लागली आहे. त्या सुक्या डब्यात हात घालण्यापूर्वी फक्त एवढे पाहावे की पुठ्ठा कोरडा आहे, त्याला तेलाचा डाग नाही आणि दुमडून त्याची नाली चेपलेली नाही. घरचा पुरेसा नसेल तर कोपऱ्यावरच्या अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, हवा तेवढा मिळतो.

या पुठ्ठ्याची रचना समजून घेतली की अर्धे काम झाले. कडेने पाहिले तर दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लाटांचा कागद दिसतो. त्या लाटांच्या बारीक नळ्या ज्या दिशेने धावतात त्या दिशेने पुठ्ठा ताठ राहतो आणि त्यांना समांतर सहज दुमडतो. म्हणून पेटीच्या भिंती कापताना नळ्या उभ्या याव्यात, म्हणजे एकावर एक तीन पेट्या ठेवल्या तरी खालची दबत नाही. कारखान्यातून येणारी खोकी याच रीतीने बनवलेली असतात. तळाचा तुकडा मात्र नळ्या लांबीच्या दिशेने धरून कापावा, नाहीतर तो मध्येच पोट काढतो. ड्रॉवरमधल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना दोन्ही प्रकारचा जोर सोसावा लागतो, तेव्हा तिथे दोन थर नळ्या एकमेकींस काटकोनात ठेवून चिकटवावेत. एवढी एक गोष्ट केली तर साध्या टीव्हीच्या खोक्यातून केलेला विभाजक पातळ प्लायवूडइतका खणखणीत होतो, आणि पाहणाऱ्याला कापडाखाली काय आहे याची शंकाही येत नाही.

कापण्यासाठी पोलादी पट्टी आणि नवे पाते घातलेला कटर हवा. एकाच जोरात आरपार कापू नये. तीन-चार हलक्या ओढींत कापावे, म्हणजे कड फाटत नाही आणि बोटही वाचते. जिथे दुमड हवी तिथे कटर न वापरता शाई संपलेले बॉलपेन पट्टीला धरून जोराने ओढावे. खाली फरशी नको, जुन्या पुठ्ठ्याचाच एक तुकडा असावा.

आता खळ. वडिलांच्या दुकानात डिंकाच्या बाटलीपेक्षा खळीच्या पातेल्याला अधिक मान होता आणि आजही मोठ्या पृष्ठभागावर कापड किंवा कागद मढवायचा असेल तर मला खळच पसंत आहे, कारण ती सावकाश वाळते आणि कापड सरकवून नीट बसवायला वेळ देते. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, त्यात चार वाट्या गरम पाणी ढवळत ओतावे आणि मंद आचेवर सतत हलवत राहावे. सुरुवातीला दुधाळ असलेले मिश्रण पाच-सात मिनिटांत काचेसारखी झाक घेते. पिठाचे कण पाणी पिऊन फुटल्याची ती खूण आहे, आणि ती येण्याआधी उतरवलेली खळ वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. पाव चमचा तुरटीची पूड घालून ती फडक्यातून गाळावी व थंड झाल्यावर वापरावी. थंडीत ती दोन-तीन दिवस टिकते, पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते. जुने बायंडर झुरळ-कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. ते विष आहे, घरात लहान मुले असताना तो मार्ग धरू नये. त्याऐवजी तीन भाग खळीत एक भाग फेविकॉलसारखा पांढरा गोंद मिसळला तर पकड वाढते आणि खळीचा सावकाशपणाही राहतो.

मात्र स्वयंपाकघरातल्या कोणत्याही वस्तूला खळ लावू नये. खळ म्हणजे शेवटी शिजवलेले पीठच, आणि झुरळांना ते आपल्याइतकेच कळते. तिथे निव्वळ पांढरा गोंद वापरावा. तसेच वर्तमानपत्राचे अस्तर डब्यांना किंवा ट्रेला देण्याची पद्धत सोडून द्यावी. छपाईची शाई खाण्याच्या पदार्थाला लागणे बरे नाही, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावले आहे. शेव-मिक्स्चरवर जगणाऱ्या आपल्या शहराला ही गोष्ट अधिक लागू पडते.

मढवलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी नावेसारखा वाकलेला आढळतो, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी तक्रार असते आणि पुष्कळ जणी तिथेच निराश होऊन काम सोडतात. त्याचे कारण साधे आहे. ओला कागद किंवा कापड वाळताना आकसते आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढते. ही ओढ थांबवता येत नाही, पण तोलता येते: मागच्या बाजूलाही तेवढाच कागद त्याच खळीने चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच ओढतात आणि पुठ्ठा सपाट राहतो. बायंडिंगमध्ये याला पर्याय नाही. त्यानंतर ती वस्तू दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर पाण्याने भरलेला हंडा ठेवावा. आमच्याकडे लोखंडी शिकंजा होता, पण हंड्याने तेच काम होते. एक रात्र पुरते. पावसाळ्यात दोन रात्री लागतात आणि मधे एकदा कोरा कागद बदलावा लागतो. एका श्रावणात मी तो बदलला नाही आणि लग्नाच्या आहेरासाठी केलेल्या सहा तबकांवर हिरवी बुरशी चढली.

ड्रॉवरमधल्या विभाजकाची जोडणी गोंदाने करूच नये. उभ्या पट्टीला वरून आणि आडव्या पट्टीला खालून अर्ध्या उंचीपर्यंत खाचा पाडाव्यात आणि त्या एकमेकींत बसवाव्यात. खाचेची रुंदी मढवलेल्या पट्टीच्या जाडीइतकी असावी, म्हणून खाचा मढवल्यानंतर कापणे सोयीचे पडते. अशी जाळी धुळीच्या दिवशी उचलून झटकता येते आणि वर्षभराने गरजा बदलल्या की एखादी पट्टी काढून कप्पा मोठा करता येतो. चार्जर, बॅटऱ्या, चाव्या, शिवणाचे सामान यांना चौकोनी लहान कप्पे द्यावेत. औषधांच्या पट्ट्या मात्र पुस्तकांसारख्या उभ्या राहतील असा सात-आठ सेंटिमीटर रुंदीचा लांबट कप्पा ठेवावा, कारण आडव्या रचलेल्या औषधांतली खालची पट्टी मुदत संपल्यावरच हाती लागते.

दिवाळीनंतर घरोघरी साठणारे मिठाईचे डबे ड्रॉवरसाठी फार उपयोगी आहेत, पण त्यांच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर कोणताही पांढरा गोंद टिकत नाही. पॉलिश पेपरने तो थर घासून निस्तेज केला की काम होते. ग्लू गनचा मोह अनेकींना होतो. झटपट चिकटते हे खरे, परंतु ती कांडी मुळात उष्णतेने वितळणारीच असल्याने मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या वस्तूचा जोड ढिला पडतो, आणि काचेवर तर तो थंडीतही सुटतो. बाटल्या रंगवणे, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे करणे यांविषयी मी काही लिहीत नाही. ती मुलांची करमणूक आहे, घराची व्यवस्था नव्हे.

बिले, पासबुके आणि दाराशी लागणाऱ्या किरकोळ गोष्टींसाठी भिंतीवरचा खिशांचा पडदा करावा. जुन्या जीन्स किंवा जाड चादरीचा तुकडा घ्यावा, वर आणि खाली नेफा करून त्यात विजेच्या वायरिंगची बारीक पाइप घालावी, म्हणजे पडदा चुरगळत नाही. खिसा शिवताना एक गोष्ट हमखास चुकते: खिशाचे कापड जागेइतकेच रुंद घेतले तर त्यात कागदाखेरीज काहीच मावत नाही. प्रत्येक खिसा जागेपेक्षा चार सेंटिमीटर रुंद कापावा आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन सेंटिमीटरची चुणी घालावी. हाताने शिवायचे असल्याने खिशांच्या कडांना उलट टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे जाणारी शिवण, मारावी. धावदोरा तिथे महिनाभरही टिकत नाही.

साड्यांसाठी प्लॅस्टिकची आवरणे नकोत. त्यांत दमटपणा कोंडतो आणि जर काळवंडते. जुने धोतर, मऊ झालेली सुती चादर किंवा मलमल यांची पाकिटे शिवावीत. घडी केलेली साडी साधारण चाळीस बाय तीस सेंटिमीटर भरते, त्याहून चार सेंटिमीटर मोठे पाकीट पुरे. महेश्वरी साड्यांसाठी हे विशेष करावे, कारण त्यांतले रेशीम आणि सूत दोन्ही मोकळी हवा मागतात. प्रत्येक पाकिटात वेखंडाचा बोटभर तुकडा आणि वाळ्याच्या चार काड्या यांची लहान पुरचुंडी ठेवावी. आपल्या आज्या पोथ्यांमध्ये आणि शालूंमध्ये वेखंड ठेवीत, त्या वासाने कसर दूर राहते. ही पुरचुंडी जरीला टेकू नये एवढे पाहावे. तीन पाकिटे आणि तीन पुरचुंड्या एकत्र बांधून दिल्या तर लग्न झालेल्या मुलीला याहून उपयोगी भेट मला तरी ठाऊक नाही, आणि खर्च म्हणाल तर वेखंड-वाळ्याचा.

जुन्या सुती साडीचे पायपुसणे अनेकींना जमत नाही, त्याचे कारण जाता जाता सांगते. साडी लांबीच्या दिशेने पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत हाताने फाडावी, तीन पट्ट्यांची वेणी घालावी आणि ती वेणी गोल फिरवत एकेक फेर मागच्या फेराला दोऱ्याने सांधत जावे. हे सांधताना वेणी जमिनीवर सपाट राहिली पाहिजे. हातात उचलून, ओढून शिवली की बाहेरचा फेर आखूड पडतो आणि पायपुसण्याची वाटी होते. मात्र हाच दोष जाणूनबुजून केला तर छान टोपली होते: तळ हवा तेवढा झाला की पुढचा प्रत्येक फेर थोडा ताणून, आधीच्या फेराच्या वर चढवून शिवावा. एका साडीत दोन पायपुसणी सहज होतात, आणि उरलेल्या वेणीत कांदे-बटाट्यांची एक टोपली.

आता वाणाकडे येऊ. हळदीकुंकवात मिळालेले चोळीचे खण प्रत्येकीच्या कपाटात पडून असतात आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात इतके फिरतात की माझ्याकडून गेलेला एक जांभळा खण चौथ्या वर्षी माझ्याच ओटीत परत आला होता. त्या खणांचे बटवे करावेत. शंभर बाय ऐंशी सेंटिमीटरच्या एका खणातून वीस बाय चाळीसचे बरोबर दहा तुकडे निघतात आणि कापडाची चिंधीही उरत नाही. तीस बटव्यांना तीन खण लागतील. कापण्याआधी खण पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करावेत. टू बाय टूचे सुती कापड हातशिलाईला सर्वांत सोपे. सिंथेटिक खणाची कड उसवत राहते, म्हणून ते बाजूला ठेवावेत.

तुकड्याच्या दोन्ही टोकांकडच्या पाच-पाच सेंटिमीटरच्या कडा आधी एक सेंटिमीटर आत दुमडून शिवून घ्याव्यात. नंतर प्रत्येक टोक अर्धा सेंटिमीटर आणि मग तीन सेंटिमीटर असे दुमडावे, दुमडीच्या खालच्या कडेने एक शिवण घालावी आणि तिच्यावर दीड सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी. या दोन शिवणींमधला बोगदा नाडीसाठी आणि वर उरलेली दीड सेंटिमीटरची झालर शोभेसाठी. आता सुलट बाजू आत येईल असे कापड मधोमध दुमडून दोन्ही बाजू तळापासून बोगद्याच्या खालपर्यंत एक सेंटिमीटर आत उलट टीप मारून शिवाव्यात; बोगद्याची तोंडे मोकळीच ठेवावीत, इथेच बहुतेक जणी पुढे जाऊन ती शिवून टाकतात आणि मग उसवत बसतात. बटवा उलटवून पन्नास सेंटिमीटरच्या दोन नाड्या घ्याव्यात: एक डावीकडून शिरून पूर्ण फेरी मारून डावीकडेच बाहेर यावी, दुसरी उजवीकडून उजवीकडे. दोन्ही ओढल्या की बटव्याचे तोंड चुण्या घेऊन मिटते. एकच नाडी घातली तर तोंड एका अंगाला वळते. बटवा अठरा सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा खोल होतो. त्यात मोबाइल मावावा असे वाटत असेल तर तुकडा चाळीसऐवजी पन्नास सेंटिमीटर लांब घ्यावा, मात्र मग एका खणातून आठच निघतात आणि चार खण काढावे लागतात.

तीस बटव्यांना तीस मीटर नाडी लागते. ती राणीपुऱ्यातून ठोक भावाने आणावी, सुटी घेतली तर कापड फुकट असूनही वाण महाग पडते. आत तिळगूळ घालायचा असेल तर बटर पेपरच्या पुडीत बांधून घालावा, नुसता घातला तर तुपाचे डाग कापडावर उमटतात. वरून चमकदार प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये. मिठाईच्या डब्यांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर आणि सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आणि तसेही बटव्याला आणखी वेष्टन कशाला?

वेळेचा हिशेब आधीच करावा. पहिल्या बटव्याला दीड तास लागेल, पाचव्यानंतर चाळीस मिनिटे. रोज तासभर बसलात तर तीस बटव्यांना तीन आठवडे धरावेत, म्हणजे १४ जानेवारीच्या संक्रांतीसाठी डिसेंबरच्या मध्यापूर्वी सारे तुकडे कापून झालेले असावेत. एकेक बटवा पूर्ण करण्यापेक्षा आधी सर्वांच्या कडा, मग सर्वांचे बोगदे, मग सर्वांच्या बाजू असे टप्प्याने शिवावे. हाताला एक वळण लागते आणि टाके सारखे येतात. काम रेंगाळले तरी घाबरू नये, वाण रथसप्तमीपर्यंत लुटता येते. आणि एक खण व तीन मीटर नाडी जास्तीची धरून बटवे तीस नव्हे, तेहतीस शिवावेत, कारण कोणाची तरी नणंद जबलपूरहून आलेली असते आणि ती बरोबर येतेच.